तीन टेस्लांचा दिमाख

बंगळुरूत आयटीवाल्याची कंबर धरली की शेजारच्या खुर्चीवरून सल्ला येतो, ‘एमआरआय कर, आणि केलास तर थ्री टेस्लावरच!’ टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप; चुंबक जितका दांडगा तितकं निदान पक्कं, असा हा पक्ष.

त्यात तथ्य नाही असं नाही. मनगटातले बारीक अस्थिबंध किंवा बोटांच्या सांध्यांतली पातळ कूर्चा पाहायची असेल, तर 3 टेस्ला खरंच कामाला येतं. पण गुडघ्यात धातूचा सांधा बसवलेला असेल, तर उलटंच होतं. चुंबकीय क्षेत्र वाढलं की धातूभोवतीचं चित्र अधिक फाटतं. अशा रुग्णाला 1.5 टेस्लाचं यंत्र आणि धातूचा उपद्रव आवरणारी तंत्रं, हीच सहसा बरी.

मुळात, स्पष्ट दिसलं म्हणजे दुखण्याचं मूळ सापडलं, हेच चूक. पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्यांचा एक आढावा 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांच्या मणक्यांतल्या गाद्या झिजलेल्या निघाल्या. हिंडत्याफिरत्या माणसाच्या हाती असा अहवाल ठेवा, संध्याकाळपर्यंत तो पट्टा बांधून बसेल! सायटिका असलेल्या 63 वर्षांच्या एका अमेरिकन बाईची तीन आठवड्यांत 10 केंद्रांवर एमआरआय झाली. अहवालांत मिळून 49 निष्कर्ष होते आणि दहाही ठिकाणी नोंदलेला असा एकही नव्हता. इथे जास्तीचा टेस्ला काय करणार?

मग प्रगत तंत्रं हे सगळं थोतांड? मुळीच नाही. मात्र त्यांचं मोल चित्राच्या देखणेपणात नसून मापात आहे. टी-टू मॅपिंग कूर्चेतलं पाणी आणि कोलॅजनची वीण बिघडल्याचं ती पातळ होण्याआधीच दाखवू शकतं. डिक्सन तंत्र चरबी आणि पाणी वेगळं करतं. मस्क्युलर डिस्ट्रॉफीत स्नायूचा किती टक्के भाग चरबीने व्यापला हा आकडा त्यातून मिळतो. एरवी काळे ठिक्कर दिसणारे स्नायुबंध अल्ट्राशॉर्ट एको टाइम तंत्रात बोलू लागतात, कारण त्यांचा संदेश मिलिसेकंदांतच विझतो. यातलं बरंचसं 1.5 टेस्लावर होतं. पथ्य एकच: पुढचं माप शक्यतो त्याच यंत्रावर घ्यावं, नाहीतर यंत्रांमधला फरकच आजार म्हणून वाचला जातो.

म्हणूनच बंगळुरूच्या व्हॉक्सेलग्रिड्स कंपनीच्या देशी एमआरआय यंत्राला ‘दीडच टेस्ला?’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. 2023 साली जाहीर झालेल्या या यंत्राला द्रव हेलियमचा हौद लागत नाही, आणि ते आपल्या चंद्रपूरच्या कॅन्सर रुग्णालयात बसलंही आहे. जिल्ह्याच्या गावी चालणारा दीड टेस्ला मला महानगरातल्या तीनपेक्षा मोठा वाटतो. वरच्या टेस्लावर उधळायचे पैसे तंत्रज्ञांच्या शिक्षणावर घाला. आणि डॉक्टरांनीही चिठ्ठीवर नुसतं ‘एमआरआय गुडघा’ न खरडता, नक्की काय शोधायचं आहे ते लिहावं.