आकार गृहीत धरून किती दिवस?

'प्रकाशाने स्वतःलाच वळवले', 'लेसरने निसर्गनियम मोडला' अशा थाटाच्या विज्ञानवार्ता अधूनमधून झळकतात आणि आपण माना डोलावतो. नियम काहीही मोडत नाही. तीव्र लेसर काचेतून वा हवेतून जाताना माध्यमाचा अपवर्तनांक तीव्रतेनुसार किंचित वाढतो. शलाकेच्या मध्यभागी तीव्रता सर्वाधिक, म्हणून तेथे अपवर्तनांकही सर्वाधिक. परिणामी माध्यमच बहिर्गोल भिंगासारखे वागू लागते. हे स्वयंकेंद्रीकरण अस्कार्यान यांनी १९६२ सालीच वर्तवले होते. काचेत काही मेगावॅट, हवेत काही गिगावॅट शक्ती ओलांडली की ते विवर्तनाच्या फैलावावर मात करते. शक्ती आणखी पुष्कळ वाढवली, तर शलाकेतील बारीकशी विषमताही फोफावते आणि तिचे अनेक अनावर तंतू होतात. म्हणून आरंभीच तिला वलयाचा, भोवऱ्याचा किंवा एअरी फलनाचा आकार द्यायचा आणि तंतू कोठे उमटावेत यावर ताबा मिळवायचा. (एअरी शलाकेचे वळणे ही निराळीच गोष्ट: ती निर्वातातही वळते, आणि तेव्हाही तिच्या तीव्रतेचा गुरुत्वमध्य सरळच जातो. वार्ताहर दोहोंची खिचडी करतात.)

पण माझा खरा आक्षेप वार्ताहरांवर नाही. या विषयात भारत उपरा नाही. सोढा, घटक आणि त्रिपाठी यांचा स्वयंकेंद्रीकरणावरील ग्रंथ १९७४ सालचा आहे. पुढे अनेक विद्यापीठांतून, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातूनही, या विषयावर शोधनिबंध निघाले. मात्र देशातील अशा लेखनाचा मोठा भाग एका सोयीच्या गृहीतकावर उभा आहे: शलाका आकसली तरी तिचा आकार तोच राहतो. गाउसीय शलाकेच्या जागी कॉश-गाउसीय आली, मग हर्माइट. रीत तीच, निबंध नवा. वास्तविक प्रबळ शक्तीखाली तो आकार टिकतो की मोडतो, हाच तर प्रश्न! त्याचे उत्तर गृहीतकातच देऊन टाकल्यावर संशोधन कशाचे करायचे?

यात विद्यार्थ्याचा दोष नाही. ज्याच्या विभागात तसा लेसर नाही, तो कागदावरच काम करणार. 'प्रयोगाला अवाढव्य यंत्रे लागतात' हे उत्तरही पुरते खरे नाही. एक मायक्रोज्यूल ऊर्जा १०० फेम्टोसेकंदांच्या स्पंदात बसवली की १० मेगावॅट होतात. काचेतल्या प्रयोगाला तेवढे पुरे. शलाकांना आकार देण्याचे प्रयोग अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत होतात. अतितीव्र स्पंदांचे लेसर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात आहेत. म्हणजे साधने देशात आहेत. राज्य विद्यापीठातील संशोधकासाठी हक्काचा दरवाजा तेवढा नाही.

२०२३ साली अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत ५०,००० कोटींचा आकडा जाहीर झाला. त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून यायचा आहे. तो येईल तेव्हा येवो. तोवर केंद्रीय संस्थांनी आपल्या लेसरांच्या वेळापत्रकातले काही आठवडे राज्य विद्यापीठांसाठी राखून ठेवावेत आणि त्यांचे वाटप कोणाला झाले, ते दरवर्षी जाहीर करावे. त्याला नवा कायदा लागत नाही.