दहावे छिद्र

३०० मिमी लांबीची एक पट्टी घ्या. तिच्या डाव्या टोकापासून २० मिमीवर केंद्र धरून २० मिमी व्यासाचे छिद्र पाडा आणि कॅड प्रणालीला सांगा, की ३० मिमी अंतराने अशी एकूण दहा छिद्रे हवीत. पहिली नऊ निर्वेध असतात. दहाव्याचे केंद्र २९० मिमीवर येते, त्रिज्या १० मिमी. म्हणजे छिद्र पट्टीच्या उजव्या टोकाला नेमका स्पर्श करते. बहुतेक प्रणाली येथे अडून बसतात. तांबडी खूण उमटते, पॅटर्न तयार होऊ शकला नाही असे त्रोटक वाक्य येते आणि पुष्कळदा नऊ निर्दोष छिद्रेही त्याबरोबर नाहीशी होतात.

कारण गूढ नाही. घनाकृतीच्या प्रत्येक कडेला नेमके दोन पृष्ठभाग मिळावेत, या नियमावर या प्रणालींचे गणित उभे आहे. स्पर्शरेषेवर धातूची जाडी शून्य होते आणि तेथे दोनाऐवजी चार बाजू एकत्र येतात. अंतर किंचित घटवा, किंवा वाढवून छिद्र टोकाबाहेर फुटू द्या. दोन्ही आकृत्या बिनतक्रार तयार होतात. प्रणालीने नकार द्यावा, हे योग्यच. पण कितव्या छिद्रापाशी आणि कशामुळे अडले, हे तिने सांगायला नको का?

आपल्या वर्गांत तर हा प्रश्नच विचारला जात नाही. पुसून पुन्हा काढा, नाहीतर एकेक छिद्र हाताने पाडा, हा ठरलेला सल्ला. गुण अंतिम आकृतीला.

तयार झालेली आकृतीही फसवी असू शकते. फ्लँजवर २०० मिमी व्यासाच्या वर्तुळात २४ छिद्रे समान अंतराने मांडली, तर लगतच्या दोन केंद्रांतील अंतर २०० × साइन ७.५°, म्हणजे सुमारे २६.१०५ मिमी. छिद्राचा व्यास २६.१ मिमी ठेवा. मॉडेल विनासायास तयार होते आणि दोन छिद्रांमध्ये उरते जेमतेम ५ मायक्रॉनची भिंत! कोणत्या कारखान्यात ती टिकेल?

सर्वांत त्रासदायक प्रकार नावांचा. आरंभीच्या रेखाटनातील एखादी रेघ बदलली, की कडांची अंतर्गत नावे बदलतात आणि ज्या कडेच्या दिशेने पॅटर्न पसरायचा, ती कडच प्रणालीला सापडत नाही. फ्रीकॅड या मुक्त प्रणालीला हा दोष वर्षानुवर्षे छळत होता. नोव्हेंबर २०२४ मधील १.० आवृत्तीत त्याचा जाच बराच कमी झाला. ते काम कसे झाले, हे कोणीही उघडून वाचू शकतो.

महाविद्यालयांतील अनेक परिचित प्रणालींबाबत मात्र तसे करता येत नाही. त्यांच्या तळाशी पॅरासॉलिड, एसिस यांसारखे भूमितीचे गाभे असतात. या दोहोंची मुळे केंब्रिजमध्ये. मालकी आज अनुक्रमे सीमेन्स आणि दासो समूहाकडे. पॅटर्न का फसला, याचे अखेरचे उत्तर त्या बंद पेटीत राहते. विक्रम साराभाई अवकाश केंद्राने रचना-विश्लेषणासाठी ‘फीस्ट’ ही स्वतःची प्रणाली घडवली, तेव्हा असे काम आपल्या आवाक्याबाहेरचे मानण्याचे कारण नाही. पण भूमितीचा गाभा लिहिणारी माणसे, फसलेले मॉडेल पुसून टाकायला शिकवणाऱ्या वर्गांतून येणार कोठून?

परीक्षेत फसलेले मॉडेलच द्यावे आणि कारण कागदावर मागावे, असे मला वाटते. नमुन्यादाखल एक प्रश्न: पट्टी तीच, पहिले छिद्र तेथेच, छिद्रे दहाच; शेवटच्या छिद्रापलीकडे किमान ५ मिमी धातू उरला पाहिजे. दोन केंद्रांतील अंतर जास्तीत जास्त किती ठेवता येईल? उत्तर प्रतिसादात लिहा. कॅड न उघडता.