जवानांच्या आत्महत्यांबाबतचे मौन सोडण्यासाठी जाहीर आवाहन

भारतीय लष्करात 2001 पासून दरवर्षी सरासरी 100 ते 140 जवान आत्महत्येने किंवा स्वतःच करून घेतलेल्या इजेने दगावतात, हे खुद्द लष्करानेच ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितले. तेही एका अग्निवीराला अखेरची मानवंदना का नाकारली, यावरून गदारोळ उठल्यानंतर. 1967 च्या सेना-आदेशानुसार अशा मृत्यूला लष्करी अंत्यसंस्कार मिळत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या फौजेत मुले धाडणाऱ्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांच्या सातारा जिल्ह्यात या नियमाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. वीरमरण आलेल्या जवानासाठी रस्त्यावर रांगोळ्या पडतात आणि शाळेची मुले झेंडे घेऊन उभी राहतात, तर दुसऱ्याच्या वाट्याला ‘कर्तव्यावर असताना निधन’ अशी चार ओळींची बातमी येते आणि पुढे वार्ताहर त्या दाराकडे फिरकत नाही.

अशा मृत्यूनंतर ‘कोर्ट ऑफ इन्क्वायरी’, म्हणजे लष्कराची अंतर्गत चौकशी, होते. संसदेतील सरकारी उत्तरांत मात्र कौटुंबिक कलह, आर्थिक अडचण, ताण अशी ठरावीक कारणे येतात. ती खरी मानली, तर प्रश्न छावणीपुरता उरतच नाही. बांधाचा वाद, भाऊबंदकी, तालुक्याला रखडलेली मोजणी ही दुखणी गावातली आहेत आणि रजा संपत आलेल्या माणसाला ती तशीच मागे टाकून परतावे लागते. ‘घरगुती कारण’ या दोन शब्दांवर लष्कराने फाइल मिटवावी आणि त्याच शब्दांच्या आडोशाने गावानेही गप्प बसावे, हे पटण्याजोगे नाही.

अविचारी वृत्तांकनाने अनुकरणाच्या आत्महत्या वाढतात, हा संपादकांचा आक्षेप रास्त आहे. परंतु भारतीय प्रेस कौन्सिलने 2019 मध्ये स्वीकारलेली मार्गदर्शक तत्त्वे पद्धतीचे वर्णन, भडक मथळा आणि ठळक मांडणी टाळायला सांगतात, विषय टाळायला सांगत नाहीत. भीतीचे कारण वेगळेही असते: 2017 मध्ये देवळालीत छुपे चित्रण करणाऱ्या पत्रकारावर तिथल्या एका जवानाच्या मृत्यूनंतर शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला आणि तो मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये रद्द केला.

यास्तव संपादकांनी एकेका मृत्यूचा तपशील उगाळण्याऐवजी वार्षिक आकडे, रजेचे नियम आणि कुटुंबाला मिळणाऱ्या निवृत्तिवेतनातील फरक यांचा पाठपुरावा करावा, खासदारांनी युनिटनिहाय नव्हे तरी वर्षनिहाय आकडे सभागृहात मागावेत, आणि गावकऱ्यांनी अशा जवानाला खांदा द्यायला तितक्याच संख्येने यावे, कारण त्यासाठी कोणत्याही सेना-आदेशाची परवानगी लागत नाही. टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची विनामूल्य सरकारी दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर मराठीतही मिळते, आणि सशस्त्र दलांसाठी तिचा स्वतंत्र कक्ष डिसेंबर 2023 पासून पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात आहे. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा आणि रजेवर आलेल्या जवानाच्या घरच्यांनाही सांगून ठेवावा.