'रिसिव्ह' झालं म्हणजे 'ॲक्सेप्ट' झालं असं नाही!



राजगडाच्या पाली दरवाज्याला ज्या गावाचं नाव आहे, त्या पालीत परवा एका ताईंशी बोलत होतो. त्या तांदळाचे पापड करतात. पुण्याच्या एका दुकानदाराला दर पाठवला, उत्तर आलं, "कोटेशन रिसिव्ड, थँक्स." ताईंना वाटलं, ऑर्डर पक्की. ४० किलो पापड करून ठेवले. फोन केला तर तो म्हणतो, "दर मिळाला एवढंच कळवलं हो, घेतो कुठे म्हटलं?"

ताई म्हणाल्या, "सर, माझं इंग्रजीच कच्चं."

मला हे पटत नाही. धंद्याला फाडफाड इंग्रजी लागत नाही. पैशाशी जोडलेल्या चार-पाच क्रियापदांतला फरक कळला की भागतं, आणि तो मराठीतून कळतो.

रिसिव्ह म्हणजे हातात आलं. ॲक्सेप्ट म्हणजे मान्य केलं. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात प्रस्तावाचा स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त असावा लागतो. नुसतं 'मिळालं' म्हणजे स्वीकार नव्हे.

माल दिल्यावरही हाच शब्द कामाला येतो. तुम्ही उद्यम नोंदणी केलेले सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असाल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार लेखी मुदत ठरलेली असली तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेच लागतात. डिलिव्हरीनंतर १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर डिलिव्हरीचा दिवसच स्वीकाराचा धरतात. म्हणून चलनावर तारखेसह सही घ्याच.

दुसरी गल्लत 'परत'ची. रिटर्न म्हणजे माल परत, रिफंड म्हणजे पैसे परत, रिप्लेस म्हणजे माल बदलून. पाकिटावर यातलं नेमकं काय देणार ते लिहा. नुसतं 'परत घेऊ' लिहिलंत की गिऱ्हाईक पैसेच मागणार.

आणि कधीकधी इंग्रजीच मोघम असते बरं का! आपण 'भाड्याने दिलं' आणि 'भाड्याने घेतलं' वेगळं म्हणतो. इंग्रजीत दोन्हीला 'रेंट' चालतं. ट्रेकर्सचा ग्रुप तंबू 'रेंट' करू म्हणाला, तर ते तुमचे घेणार की स्वतःचे देणार? विचारा!

विचारण्यात कमीपणा नाही. आजच मोबाईलमधले शेवटचे पाच मेसेज उघडा, क्रियापद शोधा. शंका आली तर सरळ मराठीत लिहा, "ऑर्डर पक्की समजू का?" लेखी 'हो' आल्याशिवाय पीठ भिजवू नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत!