कधीच ‘नाही’ न म्हणणारी तपासणी

संगणकातील स्पायवेअर शोधून देण्याचा दावा करणारे सॉफ्टवेअर खरे की बनावट, हे ठरवण्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत शिकवलेला एक नियम पुरेसा आहे : ज्या चाचणीचे उत्तर आधीच ठरलेले असते, ती चाचणीच नव्हे. माझे म्हणणे असे की, सायबर-जागृतीच्या नावाखाली आपण विद्यार्थ्यांना ‘क्लिक करू नका’ एवढेच सांगतो आणि ही खरी कसोटी सांगायची राहून जाते.

जुलै २०२१ मध्ये पेगॅसस प्रकरण उजेडात आले. आपल्यावर पाळत तर नाही ना, या शंकेने जगभरातील लोक, त्यात अनेक भारतीयही, अस्वस्थ होते. काही आठवड्यांतच अॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल उभी राहिली आणि तिथे पेगॅससपासून रक्षण करणारे साधन देऊ केले गेले. सिस्कोच्या टॅलोस या संशोधन-गटाने ३० सप्टेंबर २०२१ रोजी त्याचे बिंग फोडले. ते साधन उतरवणाऱ्याच्या संगणकात ‘सारवेंट’ नावाचा घातक प्रोग्राम बसत असे आणि संगणकाचा ताबा दूरस्थ माणसाच्या हाती जात असे. पाळतीला घाबरलेला माणूस स्वतःच्या हाताने पाळत ठेवणाऱ्याला दार उघडून देत होता.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण त्यात चोरटे संकेतस्थळ नव्हते. भरवस्तीतली दुकाने होती. अमेरिकेतील ऑफिस डेपो ही साखळी-दुकाने ग्राहकांच्या संगणकाची मोफत ‘आरोग्य-तपासणी’ करून देत. संगणक मंद झाला आहे का, वारंवार बंद पडतो का, असे चार प्रश्न आधी विचारले जात. फेडरल ट्रेड कमिशनच्या आरोपानुसार, यांपैकी एकाही चौकटीत खूण केली की संगणकात काहीही असो वा नसो, घातक सॉफ्टवेअरची लक्षणे आढळल्याचा निष्कर्ष येई आणि पुढे दुरुस्तीची सेवा विकली जाई. २०१९ मध्ये ही कंपनी आणि तिला सॉफ्टवेअर पुरवणारी सपोर्ट डॉट कॉम यांनी तडजोडीत मिळून ३.५ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले.

आता चंदीगडकडे पाहू. येथील सेक्टर २२ हा मोबाइलच्या विक्री-दुरुस्तीसाठी नावाजलेला बाजार. पंजाब विद्यापीठ आणि पंजाब इंजिनीअरिंग कॉलेज इथून फार दूर नाहीत. प्रबंधाची विदा, प्रयोगांची निरीक्षणे, घरच्यांच्या बँक-खात्याचे तपशील असे सारे एकाच लॅपटॉपमध्ये ठेवणाऱ्या विद्यार्थ्याच्या पडद्यावर अचानक ‘४७ धोके सापडले’ अशी लाल पाटी झळकली, तर तो घाबरणारच. दुकान चंदीगडचे असो, पुण्याचे असो वा लातूरचे, तिथे ‘फॉरमॅट मारावा लागेल’ हे उत्तर ऐकण्याआधी त्याने तीन प्रश्न विचारावेत.

पहिला : निरोगी संगणकाबद्दल हे सॉफ्टवेअर काय सांगते? विंडोज नव्याने बसवलेल्या संगणकातही ते डझनभर धोके दाखवत असेल, तर ते मोजत काहीच नाही. दुसरा : जे सापडायलाच हवे ते त्याला सापडते का? ‘आयकार’ नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाइल ओळखण्याचा संकेत मान्यवर अँटीव्हायरस पाळतात. ती ओळखली म्हणून सॉफ्टवेअर अस्सल ठरत नाही. न ओळखल्यास मात्र संशय बळावतो. तिसरा : त्रयस्थ साक्षीदार काय म्हणतो? संशयित इन्स्टॉलर व्हायरसटोटलवर चढवला तर अनेक इंजिनांचे मत एकाच वेळी कळते. पहिले दोन प्रयोग महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, आभासी यंत्रावरच करावेत. रोजच्या संगणकावर कदापि नाही.

बनावट सॉफ्टवेअर आधीच शिरले असेल, तर क्रम असा ठेवावा. प्रथम इंटरनेट तोडावे. पाटीवरील ‘रद्द करा’ हे बटणही दाबू नये, कारण तेही सापळ्याचाच भाग असू शकते. टास्क मॅनेजरमधून ती खिडकी बंद करावी. पुष्कळदा ही पाटी म्हणजे ब्राउझरमधील निव्वळ सूचना असते. अनोळखी संकेतस्थळाला दिलेली सूचनांची परवानगी काढली की ती नाहीशी होते. प्रोग्राम खरोखर बसलेला असेल, तर सेफ मोडमध्ये जाऊन तो स्थापित अॅपच्या यादीतून काढावा, अनोळखी एक्स्टेन्शन हटवावीत आणि ‘विंडोज सिक्युरिटी’तील डिफेंडरची ऑफलाइन तपासणी चालवावी. विंडोज सुरू होण्याआधीच ती होत असल्याने घातक प्रोग्रामला लपणे अवघड जाते. कुणाला दूरस्थ प्रवेश दिला असेल, तर ते अॅपही काढावे आणि सर्व पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदलावेत. पैसे गेले असल्यास बँकेला आणि १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे; पहिले काही तास मोलाचे असतात. सर्ट-इनच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ने २०१७ पासून मोफत साधने उपलब्ध करून दिली आहेत, पुण्याची क्विक हील त्यातील भागीदारांपैकी एक आहे.

‘हे सारे पोलिसांचे काम’ असा आक्षेप येईल. पोलिसांचे काम चालूच आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सीबीआयने पुणे, हैदराबाद, अहमदाबाद आणि विशाखापट्टणम येथे ३२ ठिकाणी छापे घालून २६ जणांना अटक केली. तंत्रसाहाय्यक असल्याचे भासवून परदेशी नागरिकांना त्यांच्या संगणकाविषयी घाबरवल्याचा आरोप त्यात आहे. म्हणजे प्रश्न आपल्या दोन्ही बाजूंना आहे : फसणारेही आपले आणि फसवणुकीच्या कॉल सेंटरमध्ये पगारासाठी बसणारे तरुणही आपलेच. छाप्यांनी एक केंद्र बंद पडते. भीती विकण्याचा धंदा त्याने थांबत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पदवीच्या पहिल्या वर्षी प्रत्येक शाखेत एक तासिका या प्रयोगासाठी द्यावी : स्वच्छ आभासी यंत्र, आयकार फाइल, दोन-तीन स्कॅनर आणि निरीक्षणांची वही. खर्च जवळपास शून्य. ‘तुझी तपासणी कधी “काही सापडले नाही” असे म्हणते का?’ हा प्रश्न विचारण्याची सवय ज्या विद्यार्थ्याला लागली, तो लाल पाटीपुढे घाबरून कार्डाचा क्रमांक टाइप करणार नाही. पुढे औषधाची जाहिरात असो वा मोफत आरोग्य-शिबिराचा अहवाल, तिथेही तोच प्रश्न त्याच्या उपयोगी पडेल.