फाईल आईच्याही हातात हवी

परदेशवारी ठरली की आई मुलाची औषधं, स्वेटर, लाडू-चिवडा यांच्या मागे लागते आणि कागदपत्रांची फाईल जाते बाबांकडे. वर, ‘तुला काय कळतंय त्यातलं?’ मैत्रिणींनो, हे ऐकून गप्प बसू नका! तान्ह्या बाळालाही स्वतंत्र पासपोर्ट लागतो. त्याच्या संमतीपत्रावर साधारणपणे आई-वडील दोघांच्याही सह्या लागतात. १५ वर्षांखालील मुलाचा पासपोर्ट ५ वर्षंच चालतो आणि पुष्कळ देश निदान ६ महिन्यांची मुदत शिल्लक मागतात. परक्या विमानतळावर रडणारं मूल कडेवर घेऊन अधिकाऱ्याला उत्तरं द्यायची वेळ आपल्यावरही येऊ शकते. म्हणून वाचल्याशिवाय सही नको. तारखा तपासा, झेरॉक्स आपल्या पर्समध्ये ठेवा. लाडवांचा डबा काय, बाबांनाही भरता येईल की!