विम्बल्डन बघा, पण पैसे लावू नका

येत्या सोमवारी विम्बल्डन सुरू होतंय. लंडनमध्ये सकाळी अकराला पहिले सामने सुरू होतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेतीन वाजलेले असतात, आणि सेंटर कोर्टवरचा शेवटचा सामना संपेपर्यंत आपली मध्यरात्र उलटून जाते. पुढचे दोन आठवडे असेच जाणार. या दोन आठवड्यांसाठी एक कळकळीची विनंती आहे: टेनिसवर एक रुपयाही लावू नका. आधीपासून लावत असाल तर आज थांबा, सोमवारची वाट पाहू नका.

आयपीएल संपलं की सट्टाही थंडावतो, असा अनेक घरांत समज आहे. तसं होत नाही. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवरून घेतलेला सट्ट्याचा आयडी तोच राहतो, फक्त त्यावरचा खेळ बदलतो. टेनिसच्या मोठ्या स्पर्धा येतच राहतात: मे-जूनमध्ये पॅरिस, मग विम्बल्डन, ऑगस्टअखेर न्यूयॉर्क, जानेवारीत मेलबर्न. मेलबर्नचे सामने आपल्याकडे पहाटे सुरू होतात, न्यूयॉर्कचे रात्रभर चालतात. आयपीएलमध्ये गमावलेले पैसे टेनिसमध्ये काढू, या हिशेबाने कितीतरी मुलं इथे येतात. ज्या खेळाडूचं नाव कालपर्यंत ऐकलंही नव्हतं, त्याच्या दुसऱ्या सर्व्हिसवर आज फी भरायचे पैसे लागतात.

टेनिस सट्ट्याला इतकं सोयीचं का, हे नीट समजून घ्या. पाच सेटच्या सामन्यात दोनशे-तीनशे पॉइंट सहज होतात. 2010 मध्ये विम्बल्डनलाच इस्नर आणि माहू यांचा सामना तीन दिवसांत मिळून अकरा तास पाच मिनिटं चालला, त्यात 980 पॉइंट झाले. प्रत्येक पॉइंटनंतर भाव बदलतो. पॉइंट संपला की पुढच्या सर्व्हिससाठी खेळाडूला 25 सेकंद मिळतात, बाजू बदलताना 90 सेकंद. खेळाडूला श्वास घ्यायला दिलेल्या याच वेळात तुमच्या मोबाइलवर नवा भाव येतो आणि बोट पुढे जातं. विचार करायला, घरच्यांना विचारायला, निदान उठून पाणी प्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढाही मध्ये राहत नाही.

आणि तुम्ही जे ‘लाइव्ह’ बघताय ते लाइव्ह नसतं. कोर्टवर पंच उंच खुर्चीत बसून पॉइंट संपताक्षणी समोरच्या यंत्रावर बटण दाबतात. ती नोंद डेटा विकणाऱ्या कंपनीकडे आणि तिथून जगभरच्या बुकींकडे जाते. टीव्हीवरचं चित्र त्याच्या मागे काही सेकंद असतं, मोबाइलवरचं त्याहून मागे. तुम्हाला चेंडू हवेत उडताना दिसतो तेव्हा तो पॉइंट पुष्कळदा संपलेला असतो आणि बुकीला निकाल माहीत असतो. या काही सेकंदांची किंमत इतकी आहे की, प्रेक्षकांत बसून गुपचूप स्कोअर बाहेर पाठवणारी माणसं स्टेडियममधून हुडकून काढावी लागली आहेत. घरच्या सोफ्यावर बसून या यंत्रणेला हरवता येईल असं कुणी सांगत असेल, तर तो तुम्हाला फसवतोय.

आता पैशाचा हिशेब. दोन्ही खेळाडू तोडीस तोड असतील तर दोघांचाही भाव दोन असायला हवा: शंभर लावले, जिंकले तर दोनशे परत. बुकी साधारण 1.90 देतो. म्हणजे दोघांवर शंभर-शंभर लावले तर दोनशे जातात आणि कुणीही जिंकलं तरी एकशे नव्वद परत येतात. हे पाच टक्के किरकोळ वाटतात. पण हजार रुपये घेऊन बसलेल्या मुलाने एका सामन्यात पाचशेच्या चाळीस बाज्या लावल्या तर उलाढाल वीस हजारांची होते, आणि त्याचे पाच टक्के म्हणजे हजार रुपये. सरासरीने खिसा रिकामा, तोही नशीब वाईट नसताना! ॲपवरून कर्ज काढून पुन्हा पैसे टाकले तरी हे गणित बदलत नाही.

‘मला टेनिस कळतं, माझा अंदाज चुकत नाही,’ असं म्हणणाऱ्यांनी 7 जुलै 2025 चा दिवस आठवावा. सेंटर कोर्टवर ग्रिगोर दिमित्रोव अव्वल मानांकित यानिक सिनरविरुद्ध 6-3, 7-5 असा दोन सेटने पुढे होता. तिसऱ्या सेटमध्ये 2-2 वर त्याने एस मारला, छातीला हात लावला आणि तो गवतावर कोसळला. स्नायू दुखावला होता. सामना सोडून तो रडत बाहेर गेला आणि पुढे सिनर विजेता ठरला. त्याआधी महिनाभर, पॅरिसच्या अंतिम सामन्यात, याच सिनरकडे विजेतेपदाचे सलग तीन पॉइंट होते. पाच तास एकोणतीस मिनिटांनी चषक प्रतिस्पर्धी अल्काराझच्या हातात होता. टेनिस यासाठीच तर बघायचं! पण पैसे लावलेला माणूस दिमित्रोवचं दुखणं बघू शकत नाही, त्याला फक्त बुडालेली रक्कम दिसते.

आणि पैसे बुडाल्याचा राग कुणावर निघतो? महिला टेनिस संघटना आणि आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ (आयटीएफ) यांनी जाहीर केलेल्या अहवालानुसार 2024 या एका वर्षात 458 खेळाडूंना मिळून सुमारे 8,000 शिवीगाळीचे, धमक्यांचे संदेश आले. त्यातले 40 टक्के बाजी हरलेल्यांनी पाठवले होते. ब्रिटनच्या केटी बोल्टरने तिला आणि तिच्या कुटुंबाला आलेल्या जिवाच्या धमक्या जाहीरपणे दाखवल्या. फ्रान्सच्या कॅरोलिन गार्सियाने 2024 च्या यूएस ओपननंतर आपल्याला आलेले असेच संदेश सर्वांसमोर ठेवले. मोठ्या नावांच्या मागे वकील, प्रशिक्षक, संघटना तरी असतात. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर किंवा सोलापुरात आयटीएफच्या स्पर्धा होतात, त्या दर्जाच्या सामन्यांवरही जगभर पैसे लागतात. तिथे स्वतःच्या खर्चाने येऊन पहिल्या फेरीत हरलेल्या विशीतल्या मुलीच्या फोनवर रात्री काय काय येत असेल, याचा विचार करा. एखाद्या खेळाडूला एकदाही असा संदेश पाठवला असेल, तर तो पुसा आणि पुन्हा कधीही पाठवू नका.

तळच्या स्पर्धांत बक्षिसाची रक्कम तुटपुंजी असते, म्हणून सामने विकत घेणारेही तिथेच जाळं टाकतात. ‘मास्त्रो’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ग्रिगोर सर्गस्यानला 2023 मध्ये बेल्जियमच्या न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा दिली; त्याच्या जाळ्यात अनेक देशांतले दीडशेहून अधिक खेळाडू होते.

आपल्या कायद्याविषयी थोडं. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड सांगितलेला आहे. नुसत्या खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, त्यामुळे मदत मागायला घाबरू नका. मात्र आयडी वाटणं, ग्रुपवर लिंक पुढे ढकलणं, चार-दोन हजारांसाठी स्वतःचं बँक खातं कुणाला वापरायला देणं, हे खेळण्याच्या पलीकडचं आहे. कॉलेजच्या मुलांना हे आजच सांगा. फसवणुकीचे पैसे त्या खात्यातून फिरले की खातं गोठतं आणि पोलिस खातेदाराच्या दारात येतात.

आईवडिलांनो, मुलगा रात्रभर जागतोय, कारण नसताना चिडतोय, मित्रांकडे उसने मागतोय, तर आधी शेजारी बसा. ‘किती झालं?’ एवढंच विचारा आणि उत्तर ऐकताना हात उगारू नका. पूर्ण आकडा एकदा बाहेर आला की पुढचं बोलता येतं. अर्धा आकडा सांगणारा मुलगा उरलेला अर्धा फेडण्यासाठी पुन्हा खेळतो. कर्ज फेडायला त्याच्या हातात रोख देऊ नका, देणं परस्पर चुकतं करा. तो जिवाचं काही बोलत असेल तर क्षणभरही एकटं सोडू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही.

जिंकलेले पैसे अडकले, ‘आधी टॅक्स भरा, मग काढता येतील’ असं सांगितलं, तर आणखी एक पैसाही भरू नका. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा, जितका उशीर तितके पैसे हाताबाहेर जातात.

ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या मराठी मंडळींनो, तिथे परवान्याने सट्टा चालतो, म्हणून तो कमी घातक नाही. ब्रिटनमध्ये ‘गॅमस्टॉप’ आणि ऑस्ट्रेलियात ‘बेटस्टॉप’ या मोफत यादीत नाव नोंदवलं की परवानाधारक ऑनलाइन कंपन्यांना तुमचं खातं बंद ठेवावं लागतं. दहा मिनिटांचं काम आहे, सोमवारच्या आत करा.

आणि ज्यांच्या फोनमध्ये आत्ता आयडी आहे त्यांनी हे वाचून झाल्यावर तीन गोष्टी कराव्यात: आयडी देणाऱ्याचा नंबर ब्लॉक करा, यूपीआयची रोजची मर्यादा बँकेच्या ॲपमधून खाली आणा, आणि किती देणं झालंय ते घरातल्या एका माणसाला आज रात्री सांगा.